आमच्या वॉर्डातला ताप

डिचोलीच्या आमच्या वॉर्डात अजून सांगतात की गणेश चवथीच्या तोंडावर तापाने फणफणलेल्या पोराला मी घराबाहेर काढले. आरोग्य केंद्रात वर्दी मी दिली, हे खरे. मलेरिया निरीक्षक म्हणून आयुष्य काढलेला माणूस शेजारचा डेंगी लपवीत नाही. मुलाचे रक्त रोज तपासले जावे म्हणून ती वर्दी होती. बाकीचे सारे सांगणाऱ्यांनीच केले.

मुलगा सिंधुदुर्गातल्या एका ट्रक ड्रायव्हरचा. माझ्या चुलत वहिनीच्या परसातल्या खोलीत ते भाड्याने राहत. डास मारायच्या धुराची गाडी येऊन गेली, तसे शेजारी जमले आणि ड्रायव्हरच्या बायकोच्या पाण्याच्या पिंपाकडे बोटे दाखवू लागले. मी पिंप उघडले. वर फडके घट्ट बांधलेले, आत एक अळी नाही. मग न्हाणीमागे गेलो. चवथीच्या पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी वहिनीने वर्षभर साठवलेल्या करवंट्या तिथे उघड्यावर पडल्या होत्या, पावसाने काठोकाठ भरलेल्या. त्यातली एक मी सर्वांदेखत तिच्या ओसरीवर ओतली. अळ्या फरशीवर वळवळू लागल्या.

"भावजी, गणपती येतलो त्या जाग्यार घाण ओतलात?"

"घाण तुमचीच. मी फक्त आत आणली."

म्हाताऱ्या बाईचा अपमान केला म्हणतात. केला, आणि तो पुरेसा झाला नाही. कारण त्याच संध्याकाळी तिने, पाहुण्यांची पोरे येणार म्हणून, ड्रायव्हरच्या कुटुंबाला खोली रिकामी करायला लावली. शेजाऱ्यांनी सामान ट्रकवर चढवून दिले; त्याला ते मदत म्हणतात. मी माझ्या घरची खोली देऊ केली. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलेही नाही.

"काका, धुराची गाडी तुम्हीच आणलीत. आता उपकार नको."

पुढे त्या मुलाचे रक्त कुणी तपासले नाही. गावी पोचल्यावर त्याच आठवड्यात तो गेला.

चवथीनंतर देवळाच्या मंडपात वॉर्डाची बैठक झाली. वॉर्डात एकही मृत्यू झाला नाही, असे अध्यक्षांनी समाधानाने सांगितले. मी त्या बैठकीला नव्हतो, असाही एक प्रवाद आहे. मी पहिल्या रांगेत होतो आणि उभा राहिलो.

"एक झाला."

"तो थंय, त्याच्या गावाक मेलो, साहेब. आमच्यात कसो धरतले?" अध्यक्ष म्हणाले.

"डास इथला होता."

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला: विसर्जनाच्या वाटेवरचे बंद दिवे. त्यावर मात्र बरेच जण बोलले.