समोरून लागलेली पात

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला संगणक शिकवताना पहिला महिनाभर मी कुणाला संगणकाला हात लावू देत नाही. व्हरांड्यात बसवते, चिठ्ठ्या, दोऱ्या, खडू, जे मिळेल ते हातात देते. सहकारी चिडवतात, "मॅडमची बालवाडी भरली." चिडवू देत. यंत्र आत काय करतं ते माणसाने एकदा स्वतः करून बघावं, ही माझी जुनी खोड आहे.

त्या दिवशी सकाळी पालमकडच्या खेड्यातून एसटीने येणारी एक मुलगी अर्ज घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. तिला संगणक सोडून कला शाखेत जायचं होतं. शाखा बदलायचा तो शेवटचा दिवस होता आणि अर्जावर माझी सही हवी होती.

"सगळ्यायच्या घरी कंप्युटर हाय, मॅडम. मी माऊस धरला की हसतेत. मला न्हाई जमायचं."

तास झाल्यावर करते, म्हटलं. खरं सांगायचं तर तिला थांबवावं असं माझ्या मनातही आलं नाही.

वाचनालयातली जुनी कार्डं मी व्हरांड्यात चार रांगांत मांडली होती. कार्डावरचा आकडा सम असेल तर ते पालथं टाकायचं, विषम असेल तर तसंच ठेवून पुढे सरकायचं. एका रांगेला एक विद्यार्थी, म्हणजे एकाच वेळी कामाला लागलेले चार प्रोसेसर. एक रांग मुद्दाम लांबलचक ठेवली होती. तिघं हातावर हात ठेवून बसतील, चौथ्यापायी सगळं अडेल आणि मग मी कामाच्या वाटणीवर बोलेन, असा बेत होता.

लांब रांगेवर घरी लॅपटॉप असलेला एक हुशार मुलगा होता. दोघं आपलं उरकून बसले. चौथी ती अर्जवाली मुलगी; ती मात्र आपली रांग संपताच उठली, त्याच्या रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून कार्डं पालथी टाकत त्याच्या दिशेने सरकू लागली.

माझं डोकं सटकलं. "दुसऱ्याच्या रांगेत कशाला शिरलीस? सांगितलेलं कळत नाही का?"

सगळे हसले. ती उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली. आपण उगाच ओरडलो, हे मला लगेच कळलं. पण त्याहून वेगळीच एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली. मदतच करायची तर ती त्याच्या शेजारी का नाही बसली? मी जवळ जाऊन तेच विचारलं.

"खुरपायला गेलं की असंच करतेत, मॅडम. जिची तिची पात, म्हंजी खुरपत जायची पट्टी. आपली सरली की मागं ऱ्हायलेलीच्या पातीला समोरून लागायचं. बांधावर बसून ऱ्हायलं तर बाया काय म्हनतील?"

"पण समोरूनच का?"

"शेजारी बसलं की हाताला हात लागतोय. आन् कुठवर झालं ते सारकं इचारावं लागतंय. समोरून आलं की मधी गाठ पडली का झालं."

रिकामा प्रोसेसर दुसऱ्याच्या कामाला उलट्या टोकाने हात घालतो, हे मी एम.एस्सी.ला पाठ केलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. उलट्याच टोकाने का, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला.

मग कार्डं पुन्हा मांडली आणि तिच्या पद्धतीने खेळलो. काम बघता बघता उरकलं. लॅपटॉपवाल्याने विचारलं, "दोघं रिकामे झाले आणि दोघंही समोरून आले तर?" ती विचारात पडली. पिशवीतून एक कागद काढून ती पेन्सिलीने पाती आखायला लागली, आणि चार डोकी त्या कागदावर वाकली. कुणी हसत नव्हतं.

घंटा झाली. मी पेन उघडून म्हटलं, "आण तुझा अर्ज."

तिने हातातला कागद उलटा केला. तोच अर्ज होता.

"दुसरा कोरा आणून देऊ?" मी विचारलं.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "दोघी समोरून आल्या तर काय, ते अजून ऱ्हायलंय."