आबांची ताडपत्री आणि माझा अंदाज

माझी नोकरी काय आहे ते माझ्या वडिलांना, आमच्या आबांना, कधी कळलंच नाही. बीडजवळच्या एका कारखान्यात जुन्या प्लास्टिकचे दाणे करतात आणि त्या दाण्यांच्या ताडपत्र्या. यंत्र किती तापलं, किती वेगाने फिरलं, मालात ओल किती होती, हे कॉम्प्युटरला सांगायचं आणि माल चिवट निघणार की ठिसूळ ते आधीच ओळखायचं, हे माझं काम. आबांच्या लेखी ताडपत्री मीच करत होते. शिरूर कासारच्या बाजारात ते तसं छाती फुगवून सांगतही.

मालकांना काम कळलं होतं, पण पटलं नव्हतं. गडी राजकारणातला. "माझ्या निवडणुकीचा अंदाज कुणाला आला न्हाई, तुझ्या दाण्याचा काय येणार?" असं येता-जाता ऐकवायचे. दिवाळीच्या सुमारास हीटर बिघडला आणि माल नको तितका तापला. कॉम्प्युटर म्हणाला, ही ताडपत्री उन्हात लवकरच तडकेल. मी सगळा माल परत वितळायला लावला. मालक यंत्रापेक्षा जास्त तापले.

नेमके त्याच दिवशी आबा आईसोबत ऊसतोडीला निघण्याआधी मला भेटायला आले. मालकांनी वितळायला निघालेल्या त्याच मालातली एक ताडपत्री काढून त्यांना फुकट दिली, कोपीवर, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या झोपडीवर टाकायला. आबा बाहेर पडताच मालक मला म्हणाले, "हंगामभर टिकली, तर तुझा कॉम्प्युटर बंद आन् तू पॅकिंगला."

मी फाटकापर्यंत आबांच्या मागे गेले. म्हटलं, ही टिकायची नाही, दुसरी घ्या.

"तू केलेली हाय, आन् वर फुकट. काहून टिकायची न्हाई?" म्हणत त्यांनी ती खांद्यावर टाकली.

पुढे मालक अधूनमधून माझ्यासमोर स्पीकर लावून आबांना फोन करायचे. आबांचं उत्तर ठरलेलं. "एक नंबर हाय, मालक. वारं सुटलं तरी हालत न्हाई." माझी झोप उडाली. शेवटी मी हार मानून कॉम्प्युटरलाही सांगितलं की बाबा, ही ताडपत्री टिकली. त्याने बिचाऱ्याने विश्वास ठेवला आणि करपलेल्या मालालाही तो चिवट म्हणू लागला. असला कॉम्प्युटर मालकांनी बंदच केला आणि हंगाम संपायच्या आत मी पॅकिंगला बसले.

आई-आबा परत आल्यावर मी घरी गेले. आईने ताडपत्री अंगणात टाकली. तीत खताच्या गोण्यांची ठिगळंच जास्त होती.

"पयल्याच महिन्यात चिरफाळली," आई म्हणाली. "रातभर दव गळायचं अंगावर."

"मग फोनवर एक नंबर कशी होती?"

आबा शांतपणे म्हणाले, "तुजा माल फाटला म्हनलं असतं, तर मालकानं तुला कामावरनं काढलं नसतं का?"

मला हसू आलं, रागही आला. पण ही दोघं हंगामभर दवात निजली, याचंच जास्त वाईट वाटलं. अंदाज खरा ठरल्याचा आनंद काही होईना.

दुसऱ्या दिवशी आबांना आणि ताडपत्रीला घेऊन मी एसटीने निघाले. वाटभर समजावलं की फाटली असंच सांगायचं, त्यातच माझा फायदा आहे. आबा मान डोलवत होते.

मालकांनी ताडपत्रीला हात लावला, तर तुकडाच हातात आला. "हे कसं झालं हो?"

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "उंदरं, मालक. लई माजलीत तिकडं. पोरीचा माल एक नंबर हाय."

मालक माझ्याकडे वळले. "खरं का गं?"

ऊसतोडीच्या मुकादमापुढे कधी ब्र न काढणारा माझा बाप तिथे माझ्यासाठी ताठ उभा होता. त्याला खोटं पाडायला माझी जीभ रेटेना.

"हो," मी म्हटलं, "तिकडे उंदीर फार आहेत."