खोडरबर बाहेर ठेवावा

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या जन्मात एकही वस्तू नुसती पाहिलेली नाही. तुम्हीआम्ही झोपाळा बघतो, कपाट बघतो, दोरीवर वाळत घातलेली चादर बघतो आणि पुढे जातो. साडू थांबतात. मनातल्या मनात ती वस्तू भोवतालापासून वेगळी काढतात आणि तिला कोण ओढतंय, कोण ढकलतंय, कोण नुसतंच टेकून उभं आहे, असे बाण तिच्यावर काढायला लागतात. कागद असला तर कागदावर, नसला तर गार झालेल्या पिठल्यावर बोटाने. त्यांच्याकडे जेवायला बसलं की ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, वाढता वाढता मला बजावते, "यांच्या पानाकडे बघू नका हं. बघितलंत तर पापडाचंसुद्धा गणित सांगत बसतील." आणि मी हटकून बघतो, कारण न बघितलं तर ते माझ्या पानात बाण काढतात.

लोणी काळभोरच्या बाजूला एका कॉलेजात ते इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवायचे आणि राहायचे वारज्याला. रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बस. त्या बसमध्ये जागा मिळाली तरी ते बसत नसत आणि उभं राहून दांडा धरत नसत. पाय पुढेमागे रोवून, हात पाठीशी बांधून, ब्रेक लागण्याची वाट बघत उभे! कंडक्टर म्हणाला, "काका, धरा की काहीतरी," तर त्याला म्हणाले, "धरलंय. जमिनीनं मला धरलंय." त्यानंतर त्या कंडक्टरने त्यांना कधी काही सांगितलं नाही. माझी आणि त्यांची पहिली भेट झाली ती माझ्याच लग्नात. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि सगळे वधूवरांकडे बघत असताना हा एक गृहस्थ मुठीत अक्षता घट्ट धरून छताकडे बघतोय. कार्यालयाच्या पत्र्याखाली लोखंडी कैच्या होत्या. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पेढे वाटून झाले, तरी यांची मूठ मिटलेलीच. मी नमस्काराला वाकलो तेव्हा कुठे ती माझ्या डोक्यावर उघडली. आशीर्वाद काय, तर "तो मधला उभा दांडा बघा. त्यात बलच नाही. शून्य! पण काढून बघा, वारा आला की कळेल." मी नवरदेव, नवीन जावई, मी मान हलवली. तेव्हापासून गेली कित्येक वर्षं मी मानच हलवतोय.

संध्याकाळी ते घरी शिकवणी घ्यायचे. त्यांच्या दाराशी एक स्टीलचा वाडगा असे आणि वर पाटी: 'खोडरबर बाहेर ठेवावा. चपला आत आणल्या तरी चालतील.' पोरं हसत हसत वाडग्यात खोडरबर टाकत आणि आत जाऊन रडकुंडीला येत. कारण ट्रसचं गणित, म्हणजे त्या कैचीचंच, सोडवताना कुठला दांडा ताणला जातोय आणि कुठला दाबला जातोय हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून सगळेच ताणले जातायत असं धरून बाण काढायचे आणि निघायचं. एखादं उत्तर उणे आलं की समजायचं, हा दांडा दाबाचा. बस्स. पण पोरं उणे दिसलं की घाबरतात, खोडतात, बाण फिरवतात, आणि मग एका टोकाला नवा बाण, दुसऱ्या टोकाला जुना, असा सगळा घोळ होऊन बसतो. साडू म्हणायचे, "उणे आलं तर येऊ दे! त्याला सोबत घे आणि पुढच्या सांध्याकडे चल. तू चुकला नाहीस, तू फक्त उलटं धरलं होतंस. गणित तुला ते प्रेमानं सांगतंय आणि तू त्याच्या तोंडावर रबर घासतोस?" चुकलेल्या उत्तरावर तर या माणसाचा जीव. बरोबर उत्तराला नुसतं "हं" मिळायचं. चुकीचं सापडलं की ताईला हाक मारून दाखवायचे, नातवंडाचं बोरन्हाण असल्यासारखं.

आता शिडीची गोष्ट सांगतो, कारण तिथे माझा जीव गुंतलेला होता. एका दिवाळीत त्यांच्याकडे आकाशकंदील लावायला मी शिडीवर चढलो. अर्ध्यावर गेलो असेन, तोच खालून हुकूम: "थांबा, धाकटे!" शिकवणीची पोरं नेमकी तेव्हाच आली होती. साडूंनी त्यांना गोल उभं केलं आणि माझं वजन मोठ्याने विचारलं. शेजारच्या गॅलरीतल्या बायकांसमोर! शिडी भिंतीला टेकलेली, खाली गुळगुळीत फरशी, माणूस जसजसा वर जाईल तसतसं शिडीचं बूड मागे सरकायला बघणार, तर तो किती वर जाऊ शकेल, असं ते जाहीर गणित. पोरं वह्या काढून बसली. मी एका हातात कंदील आणि एका हातात प्राण धरून उभा. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, काका आणखी एक पायरी चढले की शिडी निसटेल." मी म्हणालो, "मग उतरू का?" तर साडू म्हणतात कसे, "उतरताय कशाला? उत्तर पडताळायला नको?" मी घाबरून खाली बघितलं. त्यांनी आपला पाय शिडीच्या बुडाशी आडवा रोवून ठेवला होता. बहुधा मी चढायला लागलो तेव्हापासूनच. "चढा हो," ते म्हणाले, "मी आहे ना." मी चढलो आणि कंदील लावला.

तर अशा माणसाकडे माझ्या मुलीला, केतकीला, पाठवायची वेळ आली. दुसरं वर्ष बरं पार पडलं होतं, पण पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स काही सुटत नव्हतं. दोनदा बसली, दोनदा राहिली. आता ही शेवटची संधी. पहिल्या वर्षाचा विषय राहिला तर तिसऱ्या वर्षात घेत नाहीत, म्हणजे अख्खं वर्ष घरी. घरात कोणी मोठ्याने बोलेना. मी मात्र बोलायचो. सकाळी चहाला बोलायचो, संध्याकाळी दार उघडता उघडता बोलायचो. पोरगी दिवसेंदिवस गप्प होत चालली. काकांकडे जा म्हटलं तर म्हणायची, "ते हसतात, बाबा." अखेर मीच साडूंकडे जाऊन रडगाणं गायलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचं कपाट हलवलं होतं ते आठवतं? तुम्ही वरून ढकलत होतात."

आठवत होतं. कपाट सरकायच्या ऐवजी उलथायला लागलं होतं आणि ताईच्या काचेच्या बरण्या थोडक्यात वाचल्या होत्या.

"वरून ढकललं की उलथतं, खालून ढकललं की सरकतं," साडू म्हणाले. "पोरीला फार वरून ढकलताय, धाकटे. तिला माझ्याकडे सोडा आणि तुम्ही घरी गप्प बसा." मला राग आला, पण मी गप्प बसलो.

केतकी गेली. पहिल्याच दिवशी निळा खोडरबर वाडग्यात टाकावा लागला म्हणून फुरंगटून आली. दुसऱ्या दिवशी तिच्या ट्रसमधला एक दांडा एका टोकाला ओढत होता आणि दुसऱ्या टोकाला ढकलत होता. साडू खूष! "असा दांडा अजून कुठल्या कारखान्यानं बनवलेला नाही. नातेवाईक मात्र असे आहेत," म्हणाले. तीही हसली म्हणे. पण घर्षणाचं नाव काढलं की ती म्हणायची, "ते मी ऑप्शनला टाकलंय, काका." आता, ऑप्शनला टाकणं म्हणजे अख्खा धडा सोडून द्यायचा आणि पेपरात त्याच्याऐवजी दुसरा प्रश्न सोडवायचा. ही आमच्या पुण्यातल्या विद्यार्थ्यांची पिढीजात पद्धत, आणि साडूंना तिचा मनस्वी संताप. "घर्षण ऑप्शनला टाकतेस? मग उद्या रस्त्यावर चालून दाखव!"

आणि परीक्षा आठवड्यावर आलेली असताना, ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना घर्षण शिकवलं, तो आपल्याच न्हाणीघरात घसरून पडला. मांडीचं हाड मोडलं. मी धावतपळत दवाखान्यात गेलो, तर पडल्या पडल्या मला सांगतात, "चूक माझीच. मी कोरडी फरशी गृहीत धरली होती." ऑपरेशनपर्यंत पायाला वजन लावून ठेवलं होतं. दोरी, कप्पी, पलंगाच्या टोकाशी लोंबणारं वजन. आम्ही सगळे काळजीत, ताई पदर डोळ्याला लावून बसलेली, मला तर केतकीच्या वर्षावर पाणी पडलेलं स्पष्ट दिसत होतं, आणि हे गृहस्थ त्या दोरीकडे असे बघत होते की जणू दिवाळीचा फराळ पुढ्यात आलाय. "केतकीला बोलवा," म्हणाले.

ती आली. रडवेली होती. का, ते साडूंनी विचारलंच नाही. "ते वजन कुठे जायला निघालंय?"

"खाली."

"मग दोरी पलंगाच्या कडेवरून कुठे सरकू बघतेय?"

"वजनाकडे."

"म्हणजे कडेचं घर्षण तिला कुठे ओढणार?"

केतकीने बोटाने हवेत बाण काढला. "तुमच्या पायाकडे. उलटं." मग एकदम म्हणाली, "काका, म्हणजे सगळं वजन तुमच्या पायापर्यंत पोचतच नाहीये!"

"हेच मी सकाळपासून ओरडतोय!" साडू एवढ्या जोरात म्हणाले की सिस्टर धावत आल्या. बघितलं तर दोरी खरंच कप्पीवरून उतरून कडेला घासत होती. सिस्टरनी ती नीट बसवली, साडू "आई गं" म्हणून कळवळले आणि लगेच हसत म्हणाले, "आता पोचलं." मग तिला जवळ बोलावून सांगितलं, "ट्रसमध्ये दिशा चुकली तर गणित सांगतं. घर्षणात सांगत नाही. तिथे आधी विचारायचं, बाई, तू कुठे निघालीस? ते कळलं की पुढचं सोपं आहे." पुढचे दिवस शिकवणी त्या वॉर्डात झाली. शेजारच्या खाटेवरचे विश्रांतवाडीचे शेखसाहेब, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले, तेसुद्धा मध्येच म्हणायला लागले, "बेटा, आधी बाण काढ."

पेपरात ट्रस आला आणि पहिल्याच सांध्यावर उणे आलं. कंपासमध्ये खोडरबर नव्हता, तो वारज्याला वाडग्यात होता. केतकी म्हणते, हात सवयीने कंपासकडे गेला आणि रिकामा परत आला. मग उणे तसंच घेऊन ती पुढे गेली. घर्षणही सोडवलं.

इकडे साडूंचं ऑपरेशन छान झालं, ते घरी आले, पण उठेनात. चार पायांचा वॉकर पलंगाशी आणून ठेवलेला. डॉक्टर म्हणत, चाला. ताई म्हणे, चाला. हे रोज नवं कारण सांगत. शेवटी एकदा ताई स्वयंपाकघरात गेल्यावर मला हळूच म्हणाले, "धाकटे, भीती वाटते हो." एवढ्या वर्षांत या माणसाच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता.

निकाल लागला त्या दिवशी केतकी थेट तिथे आली. मी आधीच जाऊन बसलो होतो.

"किती?" साडूंनी विचारलं.

"चाळीस. बरोबर चाळीस."

"म्हणजे ऐन निसटण्याच्या सीमेवर!" ते टाळी देत म्हणाले. "जरा कमी पडले असते तर घसरली असतीस. शाबास!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी चष्मा पुसून निभावून नेलं.

मग केतकीने वॉकर पुढे ओढला. "चला, आता तुमची तोंडी परीक्षा."

"आज नको. फरशी बघितलीस का? मी याला धरून उठायला लागलो की हा पुढे सरकणार."

"कुठे जायला निघालाय तो?"

"पुढे."

केतकीने चपला काढल्या आणि वॉकरच्या पुढच्या पायाशी आपला पाय आडवा रोवला. "उठा, काका. मी आहे ना."

साडूंनी त्या पायाकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी वॉकर धरला आणि उठले. थरथरत होते, पण उभे राहिले. ताई स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होती.

आता ते काठी घेऊन फिरतात. शिकवणी बंद केली. केतकी नोकरीसाठी बंगळूरला असते, फोन करते, पण कामाच्या रगाड्यात वारज्यापर्यंत यायला जमतंच असं नाही. दाराशी तो स्टीलचा वाडगा अजून आहे. कोणी कोणी विसरून गेलेले खोडरबर त्यात पडलेले असतात, आणि त्यात तिचा निळाही. परवा निघताना मी तो उचलला आणि म्हटलं, पाठवून देतो तिला.

"राहू द्या हो," साडू म्हणाले. "लागला तर येईल ती न्यायला."

मी तो परत वाडग्यात ठेवला.