किचन शेडचा आकडा

आमच्या आनंदीबाईला नाकावर माशी बसलेली खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. मिठबावच्या पुढे समुद्राला लागून आमची शाळा. मी शिकवते आणि ती सोळा वर्षं पोषण आहार शिजवते. चाळीस मुलं. निम्म्यांच्या आया सकाळीच कामावर जातात, तेव्हा पोटभर गरम जेवण काय ते आनंदीबाईच्या हातचं.

गेल्या महिन्यात शाळांच्या स्वयंपाकघरांत किरणोत्सर्ग मोजायला पथक आलं. एक साहेब आणि यंत्र हाताळणारी, नुकतीच नोकरीला लागलेली भार्गवी. आमच्या किचन शेडमध्ये मोरीजवळ यंत्र टिकटिकायला लागलं. आकडा बाकीच्या शाळांच्या तिप्पट. साहेबांनी उभ्या उभ्या कागद केला: शेड बंद, जेवण कुडाळहून गाडीने येईल. दीड तासाच्या वाटेवर भाताचं काय होतं, ते त्यांना घरी कुणी सांगितलं नसावं!

आनंदीबाई भडकली. यंत्रच बिघडलंय म्हणाली, कुलूप लावणाऱ्याला पळीने हाकलीन म्हणाली. कुलूप लागलंच. दुसऱ्या दिवशी कुडाळचा भात आला तो आंबूस. दोन घास खाऊन पोरांनी ताटं सरकवली. पहिलीतली पोरं रिकामं ताट घेऊन शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी पथक बंदीच्या कागदावर आनंदीबाईची सही घ्यायला आलं, तर ही दारातच उभी. परत मोजा, कोपरा न कोपरा मोजा, मग सही. साहेबांनी कपाळाला आठ्या घालत कुलूप काढलं. शेगडीपाशी यंत्र गप्प. तांदळाच्या पेटीपाशी गप्प. मोरीपाशी टिकटिक, आणि भांडी घासायच्या डब्यावर धरलं तशी ती थांबेचना. डब्यात किनाऱ्यावरची काळी वाळू होती. साबणाचा वास भाताला लागतो म्हणून आनंदीबाई भांडी वाळूनेच घासते आणि दर आठवड्याला स्वतः भरून आणते. हे तिने अख्ख्या गावाला ऐकवलंय.

भार्गवीने हळूच सांगितलं, काही काळ्या वाळूत तसलं खनिज असतं. यंत्र बरोबर होतं. आनंदीबाईचा चेहरा खर्रकन उतरला.

"पोरांक काय झाला नाय मां?" तिने एवढंच विचारलं.

आकडा धोक्याच्या बराच खाली होता. भार्गवीने तसं दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे ती हलली. डबा उचलून तडक किनाऱ्यावर ओतून आली, मोरी घासून धुतली. परत मोजलं तर मोरीही गप्प. साहेब म्हणाले, छान, अहवाल पाठवतो. बंदी उठायला दोन महिने लागतील, पद्धत आहे.

एरवी साहेबलोकांपुढे ती शुद्ध बोलायची धडपड करते. त्या दिवशी केली नाही.

"चूक माझी होती, ती निस्तरून इलंय. आता भार्गवीक यंत्र घेवन हयच बसांदे. एकदा जरी वाजला तर शेगडी मी स्वतः बंद करतंय. नाय वाजला, तर दोन म्हयने माझी पोरां आंबलेला खावची नाय."

आणि तिने शेगडी पेटवली. भार्गवी यंत्र मांडीवर घेऊन तासभर बसली. भात झाला, आमटी झाली, यंत्र काही बोललं नाही. भार्गवीने साहेबांच्या कागदावर जुन्या आकड्याखाली नवा लिहिला आणि सही केली. साहेब लाल झाले. तुमच्यावर कारवाईचं पत्र येईल, आनंदीबाईला म्हणाले.

"येवंदे," आनंदीबाई वाढता वाढता म्हणाली. "उद्या मुगाची उसळ आसा."