नाल्यापलीकडच्या बाई

बाईंना एका जागी बसवत नसे. विधानसभेत त्यांच्यासाठी चांगली गादीची जागा होती, समोर माईक होता. पण प्रश्नोत्तरांचा तास सुरू झाला की पाच मिनिटांत त्या उभ्या राहत. अध्यक्ष म्हणत, "सन्माननीय सदस्यांनी कृपया खाली बसावे." बाई टेकत आणि पुढच्या उत्तराला पुन्हा उठत. शिपायांनी त्यांचं नाव 'उभी बाई' ठेवलं होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी विधिमंडळात लघुलेखक म्हणून नवीनच लागलो होतो, अजून कायमही झालो नव्हतो. वर्षभर मुंबईत खोली करून राहायचो. पण हिवाळी अधिवेशनाला नागपूरला यायचं म्हणजे माझ्यासाठी लकडगंजातल्या घरी येणं. आमचं टेबल सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या पुढ्यात. प्रत्येकाची दहा मिनिटांची पाळी. कानावर पडेल ते लघुलिपीत उतरवायचं आणि लगेच आमच्या खोलीत जाऊन टंकायचं.

बाईंची माझी पहिली भेट भांडणाचीच. त्या माझ्या हातचा कागद फडफडवत खोलीत शिरल्या. "हे कोण बोललं गा?"

"तुमचंच भाषण आहे, बाई."

"मी असं बोललीच नाही. तू मले शुद्ध करून राहिला काय?"

त्यांच्या गावाला तीन बाजूंनी नाला. पावसाळ्यात तो फुगला की पलीकडच्या दवाखान्याची वाट बंद. आमदार होण्याआधी बाई त्याच दवाखान्यात नर्स होत्या. अडलेल्या बाईला खाटेवर घालून, छातीभर पाण्यातून न्यावं लागतं आणि मागच्या श्रावणात एकजण मधेच गेली, असं त्या सभागृहात म्हणाल्या होत्या. मी लिहिलं होतं, 'प्रसूतीसाठी जाणाऱ्या महिलांची गैरसोय होते.'

"गैरसोय?" बाई म्हणाल्या. "एसटीत जागा नाही भेटली त गैरसोय. इथं बाई मेली ना, बाबू."

मी स्वतः घरी 'मले-तुले' बोलणारा. पण सरकारी कागदाला ती भाषा शोभत नाही, असं कुणी न शिकवताच शिकलो होतो. मी त्यांच्यासमोरच तो कागद फाडला आणि त्या बोलल्या तसं टंकलं. त्यांनी ते वाचलं, "जय भीम" म्हणाल्या आणि गेल्या.

मग रोज दिसू लागल्या. आमदार निवासातली त्यांची खोली गावच्या माणसांनी भरलेली असायची, म्हणून सकाळीच तिथून निघत आणि पायी विधान भवनात येत. ओच्यात फुटाणे, हातात नियमांचं पुस्तक. ते पुस्तक त्यांनी व्हरांड्यात येरझारा घालत वाचून काढलं. मधेच थांबून मला विचारत, "लक्षवेधी म्हंजे किती दिवस आधी द्या लागते?" एकदा मी म्हटलं, "बाई, पाच वर्षं आहेत तुमच्याकडे, इतकी घाई काहून?"

"पाच वर्षं म्हंजे पाच पावसाळे," त्या म्हणाल्या. "तू मुंबईत मोजतो ते वेगळं."

त्याच अधिवेशनात नाल्यावरच्या पुलाची त्यांची लक्षवेधी सूचना चर्चेला लागली. बाईंनी मंत्र्यांना सोडलंच नाही. सर्वेक्षण झालं का? नाही. काहून नाही? होईल. केव्हा? पाचव्यांदा उठल्या तेव्हा मंत्री वैतागून म्हणाले, "येत्या पावसाळ्याच्या आत पूल करून देतो, बाई! आता तरी बसा!"

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या सरळ आमच्या टेबलाकडे वळल्या. "लिहिलं का गा?" अध्यक्षांनी दटावलं. पाळी माझी होती. मी लिहिलं होतं.

दुपारी मंत्र्यांचे स्वीय सहायक आले. अतिशय गोड बोलले. साहेबांच्या म्हणण्याचा आशय असा होता की 'पूल बांधण्याबाबत विचार करण्यात येईल'. तेवढी दुरुस्ती व्हावी. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही अजून कायम झाला नाहीत, नाही का?"

व्याकरण सुधारता येतं, अर्थ बदलता येत नाही, हा आमचा पहिला नियम. आमचे मुख्य त्या दिवशी रजेवर होते. मी ते वाक्य बदललं.

तासाभरात बाई प्रत वाचायला आल्या. वाचून झाल्यावर ओरडतील म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "नोकरी नवी हाय ना तुही?" मी मान हलवली. "मग तू काही सांगू नको. फक्त वही घे अन् चाल."

अध्यक्षांच्या दालनात सहायक आधीच उभे होते. बाईंनी बदललेलं वाक्य दाखवलं, तसं अध्यक्षांनी मला वही वाचायला सांगितली. लघुलिपीत खोटं वाचता येतं; तिथे ती दुसऱ्या कुणाला कळलीही नसती. मी वाचलं, "येत्या पावसाळ्याच्या आत पूल करून देतो, बाई. आता तरी बसा." अध्यक्षांनी स्वतःच्या पेनाने ते वाक्य परत घातलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पुन्हा असं होता कामा नये."

बाहेर आल्यावर बाईंनी माझ्या हातावर फुटाणे ठेवले. "भेला होता का?"

"हो."

"मी बी."

तो पावसाळा आला आणि गेला, पूल झाला नाही. नाल्याकाठी सर्वेक्षणाचे चुना लावलेले चार दगड तेवढे बसले. पुढच्या हिवाळ्यात बाई, मंत्र्यांनी सभागृहात दिलेले शब्द पाळले का ते तपासणाऱ्या आश्वासन समितीच्या दारात ठाण मांडून राहिल्या. छापील वाक्य पुढे होतं, त्यामुळे कुणाला नाही म्हणता येईना. पुलाला मंजुरी मिळाली. आणि विधानसभाच मुदतीआधी बरखास्त झाली. पक्षाने तिकीट दुसऱ्याला दिलं. राजीनामा देऊन सोडलेली नर्सची नोकरीही त्यांना परत मिळाली नाही.

पाच-सहा वर्षांनी नागपूरच्या बसस्थानकावर त्या दिसल्या. खांद्याला औषधांची पिशवी, नजर फलाटांवर भिरभिरणारी. मी पुलाचं विचारलं.

"झाला ना! उद्घाटनाले मले बोलावलं नाही. पण त्याच दिवशी एक पोरगी अडली. मी तिले बैलगाडीत घालून निघाली. पुलावर रिबीन बांधलेली, सायेब यायचे होते. पोलीस म्हणे, थांबा. मी गाडीवाल्याले म्हटलं, हाक!"

"मग?"

"मग काय? बैलानं तोडली रिबीन. मायलेक दोघं चांगले हायेत." एवढं सांगून त्या लगेच पुढच्या गोष्टीवर आल्या. "पण दवाखान्यात डॉक्टरच राहत नाही आता. पुलावरून जाऊन करायचं काय? तू अर्ज लिही. तुले लिहिता येते."

तिथेच, बाकावर बसून, त्यांच्या घाईने मी अर्जाच्या दोन प्रती लिहिल्या. त्यांची बस फलाट सोडत होती. सही करून एक प्रत त्यांनी पिशवीत कोंबली, एक माझ्याकडे राहू दिली आणि त्या धावल्या.

त्यानंतर भेट झाली नाही. दीड वर्षाने त्यांच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं. 'आई गेली. ताप होता, तरी फिरतच होती. डॉक्टर अद्याप आलेले नाहीत. अर्जाची प्रत तुमच्याकडे असल्यास पाठवावी.'

मी त्याच दिवशी पाठवली.