पुरळ फुलण्याआधी

क्लिनिकमागच्या पार्किंगमध्ये मास्क लावून डॉक्टर नीला सुवर्णाच्या गाडीत वाकली. गोवराची शंका आली की पेशंटला ती आत घेत नसे. मागच्या सीटवर सुवर्णाची चार वर्षांची रीमा तापाने फणफणली होती. कानांमागून निघालेलं लाल पुरळ छातीपर्यंत उतरलं होतं.

"काकू, बघता बघता केवढं फुललं हो!" सुवर्णा रडकुंडीला आली.

लस दे म्हणून नीलाने तिला किती विनवलं होतं. "थोडी मोठी होऊ दे," म्हणत तिने दर वेळी अपॉइंटमेंट कॅन्सल केली. टेक्सासमधल्या प्लेनोत उमेदीची सगळी वर्षं खर्ची घातलेल्या नीलाला आता रागवायचंही त्राण नव्हतं.

"गर्दीत कुठे गेला होतात?"

"नाही, कुठेच नाही."

"बरं. श्वास जोरात चाललाय. सरळ हॉस्पिटल गाठ, मी फोन करते."

संध्याकाळी मुलाचा, कुशचा, फोन आला. तो बॉस्टनला ग्रीक शिकवायचा.

"कुश, एक्झान्थेम म्हणजे काय रे? पुरळ दिसलं की जन्मभर हेच लिहीत आले."

"आई, आन्थोस म्हणजे फूल. त्याचं व्हर्ब आन्थेइन, फुलणं. एक्स लागलं की आतून बाहेर फुलून येणं."

"म्हणजे सुवर्णा म्हणाली तेच!"

"पण ते फक्त फुलांचं नाही. पोराला पहिली दाढी फुटली, शहर भरभराटलं, तरी आन्थेइन. रोग ऐन भरात आला, तरीही."

"रोगाला आणि फुलाला एकच शब्द? कसंसंच वाटतं."

"आत होतं ते वर आलं, एवढंच."

फोन ठेवताना नीलाला तेच शब्द खटकले. वर आलं ते आज. पण आधीचे चार दिवस पोर गोवर पसरवतच होती. सुवर्णाचं 'कुठेच नाही' आपण थकून मुकाट्याने मानलं. तिने लगेच सुवर्णाला फोन लावला.

"खरं सांग. मी रागावणार नाही."

पलीकडे हुंदका फुटला. "परवा इथेच शेजारी फ्रिस्कोला गेलो होतो, काकू. माझ्या मैत्रिणीच्या, नैनाच्या बाळाचं उष्टावण होतं. रीमा त्याला मांडीवर घेऊन बसली होती."

बाळ लशीच्या वयाचं नव्हतं. नीलाने नैनाला फोन करून बाळासह हॉस्पिटलला धाडलं. वेळेत तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन मिळालं आणि बाळ बचावलं. रीमाला आठवडाभर ऑक्सिजन लागला, पण तीही घरी आली.

सुवर्णा पेढे घेऊन आली, तेव्हा नीलाने एकच उचलला.

"मी निवृत्त होतेय, पुढच्या महिन्यापासून क्लिनिकला येत नाही," ती म्हणाली. "रीमाच्या बाकीच्या लशी नव्या डॉक्टरकडे घे. पण घेच."