हिरव्या खणाचा तागा

पुतणीचा, गिरिजाचा फोन आला तेव्हा मी तेरहून धाराशिवला येणाऱ्या एसटीत होतो. तिथून पुढं सोलापूरच्या दवाखान्यात दादाला भेटायला जायचं होतं. "काका, आता घाई करू नका," एवढंच ती म्हणाली. मी बावळटासारखं विचारलं, "म्हणजे बाबांना बरं वाटतंय का?" ...काही आठवडे उलटले, तरी मला कुणी नीट काही सांगितलेलंच नाही, असं अजून वाटतं.

दादा माझा थोरला भाऊ, बाजारातला कापडाचा व्यापारी. गादीवर बसला की फारसा बोलायचा नाही. गिऱ्हाईक कापडाकडं बोट दाखवायचं, आमचे जुने नोकर हुसेनभाई गादीकडं बघायचे आणि दादानं मान हलवली तरच तागा उलगडला जायचा. सगळ्यात वरच्या फळीवर हिरव्या खणाचा एक तागा होता. त्याला मात्र दादानं कधी मान हलवली नाही. "विकायचाच नाही तर आणलास कशाला?" असं मी चिडून विचारलं की म्हणायचा, "ऱ्हाऊ दे की, तुझं काय खातोय त्यो?" भारी हट्टी माणूस. माझा फार जीव होता त्याच्यावर.

त्याला ताप भरला आणि दोन-तीन दिवसांत ओठावर फोड उठले. ओठाला फोड आला म्हणजे ताप बाहेर पडला, असं आमच्याकडं समजतात. वहिनींनी आनंदानं त्याला डोक्यावरून कडकडीत आंघोळ घातली, गुळाचा शिरा केला. दुपारी दादा दुकानात जाऊन बसला आणि हुसेनभाईंना "अव्वा" म्हणून हाक मारू लागला, आमच्या आईशी बोलायचा तशा कानडीत. हुसेनभाई धावत घरी आले. "भाऊ, ह्यो ताप लई येगळा हाय," मला म्हणाले. ओठावर फोड आणणाऱ्या हर्पिसच्याच विषाणूनं मेंदूला सूज आलीय, असं सोलापूरचे डॉक्टर म्हणाले. दादा तिथून परत आलाच नाही.

त्याची लेक गिरिजा पुण्याच्या प्रयोगशाळेत नेमकं याच विषाणूवर काम करते. पाहुणे पांगल्यावर वहिनींनी तिला विचारलं, "म्या आंघोळ घातली म्हणून गेले का गं ते?"

"न्हाय गं आई," म्हणत गिरिजानं दुकानाचीच भाषा धरली. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो, म्हणाली, आणि मज्जापेशींत जन्मभर गुमान पडून राहतो. त्याची जनुकं म्हणजे फळीवरचे तागे. ते उलगडायचे की नाही, ते पेशीतली काही प्रथिनं ठरवतात. त्यातलं एक महत्त्वाचं प्रथिन मज्जापेशीत एरवी केंद्रकाच्या बाहेरच थांबलेलं असतं. शरीरावर ताण आला की ते आत जातं आणि मिटलेली जनुकं वाचली जाऊ लागतात.

"अगं, ताप तर त्याला दरसाल यायचा," मी म्हणालो. "मग याच वेळी हे मेंदूपर्यंत का गेलं?"

"माहीत नाही, काका... आम्ही तेच शोधतोय."

"तुला म्हायीत न्हाय, म्हंजे आंघोळीनंच झालं," वहिनी म्हणाल्या. गिरिजा रडायला लागली. मला भयंकर राग आला, पण कुणाचा, ते कळेना.

गेल्या आठवड्यापासून वहिनी गादीवर बसतात. परवा मीही दुकानात होतो. एका बाईंनी वरच्या हिरव्या खणाकडं बोट दाखवलं. हुसेनभाईंनी सवयीनं गादीकडं बघितलं आणि वहिनींनी मान हलवली. तागा खाली आला, सरसर उलगडला. वहिनी एकदम दचकल्या.

"भावजी, म्या मान हलवली?"

"हलवली की."

"का?"

"ते मी कसं सांगू, वहिनी?"

"मलाबी न्हाय सांगता येत," त्या हळूच म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या. दादा गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या. त्या बाई काही न घेताच उठल्या. हुसेनभाई तागा पुन्हा गुंडाळायला बसले, पण काही केल्या पहिल्यासारखी घडी बसेना.